हौशी धावपटू आणि संप्रेरकांचे आकडे

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनसाठी ज्यांनी नाव नोंदविलेले असते अशा हौशी मंडळींत अलीकडे एक नवीच चाल पडली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास, सराव ऐन भरात आलेला असताना, एखाद्याची गती दोनतीन आठवडे मंदावली आणि नेहमीचे दहा किलोमीटर जड जाऊ लागले, तर पूर्वी तो गृहस्थ चार दिवस स्वस्थ बसला असता. हल्ली तो घरबसल्या रक्ताचा नमुना देतो, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येऊन पडलेल्या अहवालात टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, टीएसएच इत्यादी नावांसमोर छापलेल्या आकड्यांत आपल्या मंदगतीची कैफियत शोधू लागतो. त्यांतील एखादा आकडा तांबड्या अक्षरांत आलेला असला म्हणजे तर विचारायलाच नको. रविवारी धावून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी तो अहवाल हातोहात फिरतो, कोणी अश्वगंधा सुचवितो, कोणी शिलाजीत, आणि व्यायामशाळेत ऊठबस असलेला एखादा धीट सल्लागार इंजेक्शनाचीही गोष्ट काढतो.

प्रस्तुत लेख या आकड्यांची अवाजवी भीती घालविण्यासाठी आहे, आणि त्यांपैकी ज्यांची दखल घेतलीच पाहिजे त्यांची ती घ्यावयास लावण्यासाठीही आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हौशी धावपटूच्या बाबतीत संप्रेरकाचा आकडा हा त्याच्या गतीचे कारण क्वचितच असतो. बहुधा तो त्याच्या आहाराचा, निद्रेचा आणि श्रमांचा परिणाम असतो, आणि म्हणून आकडा सुधारण्याच्या खटपटीस लागण्यापूर्वी या तीन खात्यांची झडती घेणे हाच सरळ मार्ग होय. ज्यांना खरोखरीचा ग्रंथिविकार आहे असे धावपटू थोडे असतात, आणि त्यांची लक्षणे काय, हेही पुढे यथास्थळी येईल.

लांब पल्ल्याच्या दौडीत हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे लोटते, त्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन किती आहे, स्नायूंच्या पेशी तो प्राणवायू कितपत उपयोगात आणतात आणि धावण्याची ढब किती काटकसरीची आहे, यांवर माणसाची गती ठरते. आणि यांतील बराचसा भाग वर्षानुवर्षांच्या बिनबोभाट सरावाने घडत असतो. संप्रेरकांचा यात हात नाही असे मुळीच नव्हे. मूत्रपिंडांतून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेस तांबड्या पेशी घडविण्याचा हुकूम देते. वयात येताना मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते तेव्हा हिमोग्लोबिन आणि स्नायू हे दोन्ही वाढतात, आणि अव्वल दर्जाच्या पुरुष व स्त्री धावपटूंच्या वेळांत १० ते १२ टक्क्यांचे जे अंतर आढळते त्याचे मुख्य कारण तेच आहे. परंतु हा भेद खरा आहे म्हणून, दोन निरोगी पुरुषांपैकी ज्याचा आकडा ६५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे तो ४५० वाल्याच्या पुढे जाईल, हे अनुमान टिकत नाही. उलट अनेक वर्षे पुष्कळ धावणाऱ्या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन बैठे काम करणाऱ्या त्यांच्या समवयस्कांपेक्षा कमी आढळते, असे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे अँथनी हॅकनी यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून दिसून आले आहे. आणि ही माणसे धावण्यात त्या बैठ्या समवयस्कांच्या कितीतरी पुढे असतात हे सांगावयास नकोच. तेव्हा दमदार धावपटूचा आकडा मर्यादेच्या खालच्या निम्म्या भागात आला, तर तेवढ्यावरून तो रोगी ठरत नाही.

ज्यांना तपासणी करावयाचीच आहे त्यांनी नमुना देण्याची रीत आधी समजून घ्यावी; कारण भलत्या वेळी दिलेल्या नमुन्याचा निकाल कितीही महागड्या यंत्रातून आला तरी पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य असते. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत अधिक असते आणि दिवस चढतो तसे उतरत जाते, न्याहारीनेसुद्धा ते काही काळ खाली येते, आणि दीर्घ दौडीनंतर तर कित्येक तास, कधी काही दिवस, ते दबलेले राहते. सबब नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, पुऱ्या झोपेनंतर आणि उपाशीपोटी द्यावा. आपल्याकडे घडते ते मात्र असे की, नोकरदार माणसाला सवड काय ती रविवारी. तो पहाटे चारला उठून वीस-बावीस किलोमीटर धावून येतो, वाटेत केळे आणि खजूर झालेले असतात, घरी आंघोळ आटोपून पोह्यांची बशी रिकामी करतो न करतो तोच नमुना नेणारा मुलगा दारात उभा राहतो, आणि साडेदहाच्या सुमारास दंडाला पट्टा आवळला जातो. या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरलेले, कॉर्टिसॉल चढलेले, स्नायूंची झीज दाखविणारे सीपीके मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेले, आणि यकृतासाठी म्हणून मोजले जाणारे एसजीओटीसुद्धा वाढलेले असते, कारण ते स्नायूंतूनही पाझरते. अहवालाची दोन पाने तांबडी होतात आणि घरात चिंतेचे वातावरण पसरते. दोष असतो तो केवळ वेळेचा. यास्तव नमुन्यापूर्वी दोन-तीन दिवस कठीण सराव तहकूब ठेवावा, पूर्ण मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे या तपासण्यांच्या वाटेस जाऊ नये, आणि ताप, जुलाब किंवा रात्रपाळीचे जागरण यांच्या पाठोपाठही नमुना देऊ नये.

एकाच निकालावरून निवाडा करू नये, हाही येथील मूलभूत नियम आहे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या न्यूनतेचे निदान करण्यासाठी ३०० नॅनोग्रॅमची रेषा आखलेली आहे खरी, परंतु ती दोन निरनिराळ्या सकाळी घेतलेल्या नमुन्यांना लागू आहे, आणि सोबत लक्षणेही असली पाहिजेत, अशी अट तिला जोडलेली आहे. दुसरा नमुना त्याच प्रयोगशाळेत द्यावा, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो. काही ठिकाणी निकाल नॅनोमोल प्रति लिटर या परिमाणात छापतात. त्याला सुमारे २९ ने गुणले म्हणजे नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे '१६' हा आकडा पाहून हबकलेले, आणि वस्तुतः ४६० असलेले, धडधाकट पुरुष मी पाहिलेले आहेत. आणखी असे की, रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांना बांधलेले असते. अंगाने सुटलेल्या माणसांत एसएचबीजी कमी असल्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो आणि शिडशिडीत माणसांत ते वाढून एकूण आकडा फसवा चांगला दिसू शकतो. म्हणून सीमारेषेवरच्या आकड्याच्या बाबतीत मुक्त टेस्टोस्टेरॉनचा हिशेब डॉक्टरांकडून मांडून घ्यावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दुष्काळी सालात एखाद्या संस्थानचा शहाणा दिवाण तिजोरी आटत चाललेली पाहून नव्या इमारती, रस्ते आणि समारंभ यांवरील खर्च थांबवितो, पण पहारा आणि धान्यवाटप चालू ठेवतो. त्याच न्यायाने, शरीरात येणारी ऊर्जा खर्चाला पुरेनाशी झाली की मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक प्रजननाचा, हाडे घडविण्याचा आणि अंगात ऊब राखण्याचा खर्च आखडता घेते आणि हृदय, फुप्फुसे व धावणारे पाय यांना तूर्त काही कमी पडू देत नाही. पीयूषिका ग्रंथीतून ठरावीक अंतराने सुटणारे संदेश विरळ होतात. स्त्रियांत इस्ट्रोजेन आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरते, अवटु ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) संप्रेरकाचे टी-थ्री हे कार्यक्षम रूप घटते, आणि त्या ग्रंथीला चालना देणारे टीएसएच मात्र साळसूदपणे मर्यादेतच राहते. मौज अशी की आरंभीचे काही आठवडे धावपटूची गती सुधारतेसुद्धा, कारण वजन उतरलेले असते. आणि म्हणून तो आपण योग्य मार्गावर आहोत या समजुतीने ताट आणखी हलके करतो. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली स्वतंत्र नाव दिले, आणि ती केवळ स्त्रियांची नसून पुरुषांनाही ग्रासते हे स्पष्ट केले. २०२३ साली तिचे निवेदन पुन्हा सुधारून प्रसिद्ध झाले. धावपटूंच्या बोलण्यात ती 'रेड-एस' म्हणून ओळखली जाते. आपण तिला ऊर्जेची तूट म्हणू.

ही तूट कागदावर मांडता येते. दिवसभरात पोटात गेलेल्या उष्मांकांतून धावण्यात खर्ची पडलेले वजा करावेत, आणि उरलेल्या बाकीस चरबी वगळून राहणाऱ्या देहभाराने भागावे. भागाकार ४५ च्या आसपास असला तर कारभार सुरळीत चालतो. तो ३० च्या खाली गेला की संप्रेरकांची घडी विस्कटू लागते. अमेरिकेतील ॲन लाउक्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणींना अवघे पाच दिवस या पातळीखाली ठेवले, तेवढ्यात पीयूषिकेच्या संदेशांची लय बिघडलेली दिसली. पुढील अभ्यासांवरून ३० ही रेषा प्रत्येकाला सारखीच लागू पडत नाही असे दिसले आहे, तथापि इशारा म्हणून ती पुरेशी आहे.

उदाहरणार्थ, साताऱ्यातील एका शाळेत शिकविणाऱ्या बाई सप्टेंबरच्या सुमारास होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करीत आहेत असे समजू. वजन ५४ किलो, त्यातून चरबी वजा जाता ४० किलो. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते, चढावर अधिक. साध्या दिवशी त्या आठ किलोमीटर धावतात आणि १,८०० किलोकॅलरींचे जेवण घेतात. खर्च सुमारे ४३०, बाकी १,३७०, भागाकार ३४. जेमतेम का होईना, पण चालण्यासारखे आहे. आता श्रावणी सोमवार घ्या. पहाटे यवतेश्वरच्या घाटात दहा किलोमीटर, म्हणजे किमान ५४०. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दोन केळी, पेलाभर दूध, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि उपास सोडताना हात राखून चार घास, मिळून फार तर १,३००. बाकी ७६०, भागाकार १९. एका सोमवाराने काही बिघडत नाही. परंतु श्रावणातले सोमवार व शुक्रवार, मधली चतुर्थी, पुढे नवरात्र, मुंबईची शर्यत धावावयाची तर मार्गशीर्षातले गुरुवार, आणि या सर्वांवर 'वजन दोन किलो उतरले तर घाट सोपा जाईल' हा मनातला संकल्प, अशी बेरीज होत गेली की तूट महिनोन्महिने साचते. उपासाला माझा विरोध नाही. ज्या दिवशी उपास त्या दिवशी विश्रांती किंवा नुसते चालणे, एवढी वाटणी केली तरी पुरे. दिवसातून दोनदाच जेवण्याचा जो प्रघात आपल्याकडे इन्शुलिनच्या भीतीने पसरला आहे तोही बैठ्या, सुटलेल्या गृहस्थास उपकारक ठरत असेल. आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्या सडपातळ माणसाने त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही. दौडीनंतर इन्शुलिनचे स्रवणे हे इष्टच असते, कारण रिकाम्या झालेल्या स्नायूंत साखर पोचविण्याचे काम तेच करते.

तूट पडली आहे हे ओळखावयाचे कसे? स्त्रियांत याची सर्वांत प्रामाणिक खूण म्हणजे मासिक पाळी. तिचे अंतर ३५ दिवसांच्या पुढे जाऊ लागले तर सावध व्हावे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर, गर्भधारणा नाही याची खात्री करून, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि 'सराव वाढला की पाळी जातेच, बरेच झाले, कटकट गेली' ही धावणाऱ्या मुलींत रूढ झालेली समजूत मनातून काढून टाकावी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दरमहा होणारा रक्तस्राव हा गोळीच्या वेळापत्रकाचा असतो, त्यावरून अंडाशयांच्या कामाची साक्ष मिळत नाही. इस्ट्रोजेन ओसरले की हाडे विरळ होऊ लागतात, आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जाऊन बसेपर्यंत ते कळत नाही. असा तडा दुसऱ्यांदा गेला तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. पुरुषांना पाळीसारखी उघड खूण नाही. त्यांनी सकाळी जाग येताना होणारी इंद्रियाची स्वाभाविक ताठरता आणि कामेच्छा यांत आलेली घट संकोच न बाळगता लक्षात घ्यावी. तिच्या जोडीला वारंवार सर्दी-पडसे, सतत थंडी वाजणे, विनाकारण चिडचिड, आणि पाय जड होऊनही झोप न लागणे, असा मेळ जमला तर शंकेस जागा उरत नाही.

उपायही साधाच आहे, आणि साधा असल्यामुळेच तो कोणाला पटत नाही: रोजच्या आहारात ३०० ते ६०० किलोकॅलरींची भर, आणि धावण्यात काही आठवडे कपात. पहाटे निघताना दोन खजूर किंवा एक केळे. परतल्यावर तासाभराच्या आत शेंगदाणे घातलेले पोहे आणि दोन अंडी, किंवा थालीपीठ आणि दही. कार्यालयात चारच्या सुमारास चहाबरोबर बिस्किटांऐवजी चिक्की किंवा फुटाणे-गूळ. रात्री भाकरीबरोबर उसळ वाटीभर नव्हे, दोन वाट्या. कमी खाण्याचे प्रशस्तिपत्र मिळविण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना हे जड जाते हे मी जाणतो. पाळी परतावयास कधी कधी सहा महिनेही लागतात, तोवर धीर धरावा.

स्त्रियांच्या मासिक चक्राच्या कोणत्या टप्प्यात किती धावावे, याची रंगीत कोष्टके हल्ली पुष्कळ दिसतात. आजवरचे अभ्यास एकत्र करून पाहता चक्राच्या टप्प्यांमुळे गतीत पडणारा सरासरी फरक नगण्य आहे, आणि एका स्त्रीहून दुसऱ्या स्त्रीत तो निराळा आहे. यास्तव परक्या कोष्टकापेक्षा स्वतःच्या रोजनिशीवर विसंबावे. एवढे मात्र खरे की, उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंशाने चढलेले असते, तेव्हा मुंबईच्या दमट हवेत त्या दिवसांतील लांब दौड उजाडण्यापूर्वी आटोपणे सोयीचे.

त्यापेक्षा शतपटीने महत्त्वाचा विषय लोहाचा आहे, आणि तोही एका संप्रेरकाशी निगडित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. धावणाऱ्या स्त्रिया याच समाजातून येतात. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातील लोहशोषणाचे दार बंद करते, आणि कठीण दौडीनंतर तीन ते सहा तासांत त्याची पातळी शिगेला पोचते. म्हणजे सकाळी सहा ते आठ धावून दुपारी जेवणानंतर घेतलेली लोहाची गोळी बव्हंशी वाया जाते. ती पहाटे निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर लगेच, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहा-कॉफी तासभर दूर ठेवावी. आणि रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी अंगी अधिक लागते, असेही प्रयोगांती दिसले आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनबरोबर, लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन अवश्य मोजावे. हिमोग्लोबिन पुरते असूनही फेरिटिन ३० च्या खाली असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आणि पुरुषांनी उगाच, कोणी सांगितले म्हणून, लोह खाऊ नये. टेस्टोस्टेरॉनच्या नावाने खडे फोडणाऱ्या कित्येकांची खरी अडचण फेरिटिनच्या या एका तपासणीत उघडकीस येते.

कॉर्टिसॉलविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते पहाटे चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कळस गाठते आणि मध्यरात्री तळाला जाते. धावल्याने, भांडणाने, लोकल चुकल्यानेसुद्धा ते वाढते. १९८०च्या दशकात फिनलंडच्या संशोधकांनी टेस्टोस्टेरॉन व कॉर्टिसॉल यांच्या गुणोत्तरावरून अतिसराव ओळखता येईल अशी कल्पना मांडली होती. अनुभवांती ते गुणोत्तर निदानास पुरेसे ठरले नाही. हौशी माणसाने त्यापायी पैसे खर्चू नयेत. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढी येत राहिली, तर त्या फुकटच्या मापाने अधिक कळते. झोपेचे मात्र तसे नाही. शिकागो विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. डोंबिवली-कल्याणचा जो गृहस्थ रात्री अकराला घरी पोचतो आणि साडेतीनचा गजर लावतो, त्याने आठवड्यातील एक दौड सोडून ते दोन तास झोपेच्या पदरात टाकावेत. सराव बुडाल्याची रुखरुख त्याला दोन दिवस लागेल, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पाय हलके झालेले असतील.

थायरॉइडची गोष्ट निराळी, कारण तेथे खराखुरा विकार आपल्याकडे पुष्कळ आढळतो आणि त्यावर उत्तम औषधही आहे. वजन वाढणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, नाडी मंद होणे आणि थकवा ही लक्षणे असतील तर टीएसएच व मुक्त टी-फोर तपासून घ्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात, नाहीतर काही यंत्रांत टीएसएच खोटेच कमी दिसते. थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या धावपटूने ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा व न्याहारी निदान अर्ध्या तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. चलाखी येईल म्हणून गोळी आपल्या मनाने वाढवू नये. अधिक मात्रेने हृदयाची लय बिघडते आणि हाडे झिजतात. टी-थ्री तेवढे कमी आणि बाकी सारे नेमस्त, असा निकाल आला तर ग्रंथीपेक्षा ताटाकडे पाहावे.

राहता राहिला प्रश्न औषधांचा. गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढते हा दावा प्रयोगांत टिकलेला नाही. अश्वगंधेने काही लहान प्रयोगांत थोडी वाढ दिसली, पण तिच्यामुळे थायरॉइडची संप्रेरके वाढल्याच्या आणि यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा 'आयुर्वेदिक आहे, अपाय कसला' हे म्हणणे चालण्यासारखे नाही. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन बाहेरून घेतले की पीयूषिकेचे हुकूम थांबतात, वृषणांचे काम बंद पडते, शुक्रजंतू घटतात, आणि अपत्याची इच्छा असलेल्या तरुणाला याची किंमत फार मोठी पडते. शिवाय रक्त दाट होते. खेळाच्या कायद्यातही ते निषिद्धच आहे, तीच गत एरिथ्रोपोएटिनची. २०२२ सालच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्यानंतर आपल्याकडे या मनाईच्या अंमलबजावणीला संसदेचे अधिष्ठान मिळाले आहे, आणि 'मी तर हौशी' ही सबब सर्वत्र चालेल असे समजू नये. ज्याला खराच विकार आहे त्याने अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे. सतत डोकेदुखी आणि दृष्टीच्या कडा अंधारणे, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येणे, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न येणे, किंवा विश्रांती व आहार देऊनही दोन्ही नमुने ३०० च्या खाली राहणे, यांपैकी काहीही असेल तर त्यात दिरंगाई नको.

शर्यतीच्या दिवशी ज्या एका संप्रेरकाची आठवण ठेवलीच पाहिजे त्याचे नाव कोणाच्याही अहवालात नसते. ते म्हणजे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्यास सांगणारे व्हॅसोप्रेसिन. दीर्घ श्रमात, मळमळीत आणि वेदनेत ते गरज नसतानाही स्रवत राहते, आणि अशा वेळी तहानेपेक्षा अधिक पाणी पीत गेले की रक्तातील सोडियम विरळ होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम मर्यादेखाली निघाले, आणि तिघांचे तर प्राणावर बेतण्याइतके; चार तासांहून अधिक वेळ घेणारे, वाटेत भरपूर पिणारे आणि शर्यतीअंती वजन वाढलेले धावपटू त्यात अधिक होते. म्हणजे धोका पुढच्या चमकत्या मंडळींपेक्षा मागून संथपणे येणाऱ्या आपल्यासारख्यांनाच जास्त. पेडर रोडच्या चढावर प्रत्येक टेबलापाशी थांबून, स्वयंसेवकांचे मन मोडवत नाही म्हणून, पेला रिकामा करण्याची गरज नाही. तहान लागेल तसे आणि तेवढेच प्यावे. शर्यतीपूर्वी किंवा वाटेत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडांचे काम आणखी अडते. आणि अंतिम रेषेपलीकडे एखाद्या सोबत्याची बोटे सुजून अंगठी घट्ट झालेली दिसली, तो ओकू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली न लावता त्याला तडक वैद्यकीय तंबूत न्यावे, आणि सलाईन लावण्यापूर्वी सोडियम मोजावे असे तेथील डॉक्टरांना सुचवावे.